भागरथाबाईंच्या सतरा वह्या

बातमी मला तिसऱ्या दिवशी कळली. गडचिरोलीला आमच्या शाळेसमोर धान भरडायची गिरणी आहे. तिथे पोती उतरवून पाद्रीटोल्याचा दसरू शाळेच्या ओट्यावर आला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी मातीले आले नाई जी." मी विचारलं, कुणाच्या? तो म्हणाला, "भागरथाबाई गेली ना जी... तुमाले कोनी सांगतलंच नाई?" कुणीच सांगितलं नव्हतं. पाद्रीटोला गडचिरोलीपासून नऊ मैलांवर आहे. चार वर्षांपूर्वी यानबाबा वारले, तेव्हा मिशनच्या मंडळाने त्याच दिवशी चांद्याला माणूस पिटाळून हॉलंडला तार केली होती. तारेचा मजकूर मीच लिहिला होता. बाबांची बातमी त्या दिवशी समुद्रापार निघाली आणि बाईंच्या बातमीला नऊ मैल चालवायला एक माणूस मिळाला नाही. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. दुःख थोडं निवलं आहे, राग निवलेला नाही. आणि तो निवायच्या आत हे लिहून टाकायचं आहे.

यानबाबा हे हॉलंडचे पाद्री. पहिल्या महायुद्धाच्या आधी ते या जंगलात आले आणि इथलेच झाले. एक दवाखाना, एक शाळा, कौलारू प्रार्थनाघर, आणि भोवती वसलेली घरं. त्या वस्तीला लोक पाद्रीटोलाच म्हणू लागले. बायको दोन पावसाळ्यांत हिवतापाने गेली. पुढे पटकीचं साल आलं. औषधाची पिशवी खांद्याला लावून बाबा टोल्याटोल्यांतून हिंडले आणि जिथे कुणी वाचलं नाही तिथे निदान नावं लिहून घेतली. कोण गेलं, कुणाचं लेकरू, कुठल्या घरातलं, हे सगळं तळहाताएवढ्या वह्यांत त्यांच्या भाषेत, तेही अर्ध्यामुर्ध्या खुणांनी. त्याच साली भागरथाबाई आल्या. आरमोरीकडच्या धानकरी कुटुंबातल्या. नवऱ्याने दुसरी केली तशी घर सोडून निघालेल्या. दवाखान्यात पाणी उकळायला बाई हवी होती, म्हणून राहिल्या, त्या कायमच्या; बाबांच्या हयातीतलीच पंचवीस वर्षं.

बाबांशी त्यांच्या भाषेत बोलणारं जंगलात कुणी नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दाराशी बसत आणि स्वतःशीच बोलत. बाईंना पहिलं वर्षभर वाटलं, म्हातारा मंत्र म्हणतो. मग एकदा बाबा असेच काहीतरी पुटपुटले, आणि तांदूळ निवडता निवडता बाईंनी मान वर न करता त्याच भाषेत उत्तर दिलं, "चष्मा खिडकीत आहे." हे मला बाबांनी स्वतः सांगितलं. "मास्तर, बायको गेल्यावर सोळा वर्षांनी मला कुणीतरी उत्तर दिलं होतं."

मी टोल्यावरच्या शाळेत आलो तेव्हा बाबांची नजर जात चालली होती. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, बाईंना लिहायला शिकवा. बाई तेव्हा चाळिशीच्या पुढच्या. त्या पहिलीच्या पोरांच्या मागे भिंतीला टेकून बसायच्या, पाटी पदराखाली झाकून. वर्षभरात त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार झालं. मग रोज दुपारी पडवीत एक विलक्षण काम सुरू झालं. बाई त्या जुन्या बारीक वह्यांतल्या खुणा वाचून सांगायच्या (त्या ओळखायला बाबांनीच, नजर होती तोवर, त्यांना शिकवलं होतं), बाबा आठवून आठवून त्या साली काय घडलं ते आपल्या भाषेत बोलायचे आणि बाई ते लिहून घ्यायच्या. भाषा हॉलंडची, अक्षरं आपली बाळबोध. कारण बाईंना लिहायला तेवढंच येत होतं, आणि ते मी शिकवलं होतं. अशा एकोणीस वह्या झाल्या. मराठी माणसाने उघडल्या तर अक्षर कळतं, अर्थ लागत नाही; हॉलंडच्या माणसाने उघडल्या तर अक्षरच कळत नाही. मी एकदा हसत म्हटलं, "बाई, हे तुमच्याशिवाय कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "मी आहो ना जी. मी कुठी जाऊन राह्यली?"

बाबा गेले तेव्हा निम्म्या बारीक वह्या उलगडायच्या राहिल्या होत्या. मंडळाने ठराव केला, बाबांचे खाजगी कागद जतन करायचे. चांगला ठराव होता. सागवानाचं काचेचं कपाट आलं, त्यात पत्रं, रोजनिशा, त्या बारीक वह्या आणि बाईंच्या एकोणीस वह्याही रचल्या गेल्या, कपाटाला हार घातला गेला आणि किल्ली अध्यक्षांच्या जानव्यासारखी सतत त्यांच्या अंगावर राहू लागली. बाईंनी अर्ज केला. स्वतःच्या हाताने लिहिला होता. मला कपाटाजवळ बसू द्यावं, मी वाचून अर्थ सांगते, मास्तर मराठीत लिहून घेतील, माझं वय झालं, हे माझ्याबरोबर जाऊ नये. अध्यक्ष म्हणाले, पाणी तापवणाऱ्या बाईच्या हातात बाबांची ठेव द्यायची? शिवाय तिने कधी बाप्तिस्मा घेतला नाही, ती आपल्यातली नाही. बाबांनी पंचवीस वर्षांत तिला ते एकदाही विचारलं नव्हतं, पण बाबा आता नव्हते. मी मंडळाचा चिटणीस होतो. नकाराचं उत्तर मी लिहिलं. 'सदर कागद ही मंडळाची पवित्र ठेव असून' वगैरे. संध्याकाळी बाई तो कागद घेऊन माझ्या घरी आल्या. मी तो वाचून दाखवायला हात पुढे केला, तर त्यांनी तो मागे घेतला. "वाचलं मी. फक्त एक विचारतो म्हटलं... हे तुमचं अक्षर आहे ना जी?"

पुढच्या हिवाळ्यात हॉलंडहून एक गृहस्थ बायकोसह आले. बाबांचे कागद पाहायला, ठरावीक कागदांची छायाचित्रं घ्यायला. इंग्रजीतून दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी पत्रं पाहिली, रोजनिशा पाहिल्या, खूष झाले. बारीक वह्यांच्या खुणा त्यांना लागेनात. मग बाईंच्या एकोणीस वह्या उघडल्या. हे बाबांचं अक्षर नाही, कुणाचं आहे, त्यांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, स्वयंपाकिणीचं. पाहुणे हसले, वह्या बाजूला सरकवल्या. मी तिथेच होतो. कुठलंही एक पान उघडून मी मोठ्याने वाचलं असतं तर त्या माणसाला स्वतःची भाषा ऐकू आली असती. हे तेव्हा मला सुचलं नाही असं मी कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं आहे. सुचलं होतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, माझी नोकरी त्यांच्या हाताखाली होती, आणि मी गप्प बसलो.

बाई त्या वेळी वीस पावलांवर पाहुण्यांसाठी कोंबडी शिजवत होत्या. जेवायला त्यांनीच वाढलं. नवरा-बायको आपसात त्यांच्या भाषेत बोलत होती आणि बाई भात वाढत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "पाहुना म्हणे, त्या वह्या म्हणजे कचरा आहे. आन् त्याची बायको म्हणे, या घरात बुरशीचा वास येते." मी ओरडलोच. मग तुम्ही बोलला का नाहीत? एक शब्द बोलायचा होता! बाईंनी चुलीतली राख ओढली. "अध्यक्षसाहेबानं सांगतलं होतं, पाहुन्यापुढं तोंड उघडाचं नाई. तोंडावर आलं होतं जी. पन मले वाटलं, तुमी सांगान." त्या क्षणी मला बाईंचाही राग आला होता. आजही येतो. आणि बाबांचाही येतो. आयुष्यभर सगळ्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या माणसाने मरायच्या आधी एका कागदावर एवढंच का लिहिलं नाही, की माझे कागद या बाईच्या हवाली करा? त्यांना वाटलं असेल, ते सांगायची काय गरज. भल्या माणसांचा हा निष्काळजीपणा किती जणांच्या मुळावर येतो!

पाहुणे गेल्यावर त्या एकोणीस वह्या चुन्याच्या कोठीत पोत्यांमागे टाकल्या गेल्या. बाई अध्यक्षांकडे गेल्या. "बाबाच्या नाई म्हणता ना, तं माझ्या मले देऊन द्या." उत्तर मिळालं, कागद मिशनचा, शाई मिशनची, तुझं त्यात काय? यावर बाई भांडल्या नाहीत. कोठी झाडायचं काम त्यांनी मागून घेतलं. दर आठवड्याला त्या वह्या बाहेर काढत, उन्हात पान न् पान उलटत, कडुनिंबाचा पाला घालून परत ठेवत. अध्यक्ष समोरून जात-येत. झाडणारी बाई काय वाळवते आहे हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. तरी एका पावसाळ्यात बाई तापाने महिनाभर पडून होत्या, तेवढ्यात उधईने दोन वह्या खाल्ल्या. काचेच्या कपाटाला हार चढत होते आणि जतन करायचं खरं काम कोठीच्या दाराशी, एका केरसुणीच्या आडून चाललं होतं.

मी मिशनची नोकरी सोडून गडचिरोलीला आलो. निघताना बाईंना शब्द दिला होता की दिवाळीच्या सुट्टीत येतो, कोठीतच बसू, तुम्ही वाचा, मी मराठीत लिहून घेतो. पहिल्या दिवाळीला सासरी लग्न निघालं. दुसऱ्या दिवाळीला शाळेची तपासणी व्हायची होती. कारणं खरी होती... खऱ्या कारणांचीही लाज वाटते, हे मला या सहा आठवड्यांत कळलं.

दसरूने बातमी सांगितली त्याच आठवड्यात पाद्रीटोल्यावर शोकसभा होती. मी गेलो. अध्यक्ष बोलले, 'एकनिष्ठ सेविका' म्हणाले, कपाटातल्या ठेवीसारखंच त्यांचं स्मरण आपण जपू म्हणाले. मी उठून उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. या बाईला हॉलंडची भाषा येत होती हे या सभेत किती जणांना माहीत आहे, असं विचारल्याचं आठवतं. कुणीच हात वर केला नाही, अपवाद फक्त दसरूचा. मी म्हटलं, ज्या वह्यांसाठी तुम्ही कपाट बनवलं त्या वाचू शकणारं पृथ्वीवरचं एकच माणूस तुम्ही केर काढायला ठेवलं होतं, आणि तिला दिलेल्या नकाराच्या कागदावर अक्षर माझं आहे. मग सभेतून उठून सरळ कोठीत गेलो आणि सतरा वह्या बाहेर काढल्या. अध्यक्ष मागे आले. "मास्तर, ही मिशनची मालमत्ता आहे. मी पोलिसात कळवीन." मी म्हटलं, "कळवा. फौजदाराला सांगा, कचरा चोरीला गेला." दसरूने पोतं पुढे धरलं. बारीक वह्या अजून त्या कपाटातच आहेत, आणि त्यांतली अर्धी नावं आता कुणालाच वाचता येणार नाहीत. कपाट उघडून त्या दुसऱ्या कुणा जाणत्याच्या हाती द्या, असं मी मंडळाला लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

नागपूरला एका इस्पितळाच्या आवारात हॉलंडच्या एक वृद्ध परिचारिका राहतात, सेवेतून मोकळ्या झालेल्या. त्यांचं मराठी चांगलं आहे. गेल्या रविवारी वह्या घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि पहिली वही उघडून वाचू लागलो. मला एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता, नुसते उच्चार. दुसऱ्या ओळीला सिस्टरांनी विणकाम खाली ठेवलं. पाचव्या ओळीला त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "हळू वाचा. हा माझ्या आजोळच्या गावचा माणूस बोलतो आहे." मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. पाऊस, नदीचा उतार, एक टोला, पाच घरं, नावं. वाचता वाचता 'नेय' असा एक शब्द आला. बाईंनी त्याखाली रेघ ओढली होती. मी तो वाचला, पुढच्या दोन ओळी वाचल्या, आणि सिस्टरांनी हात वर केला.

"थांबा. 'नेय' म्हणजे 'नाही'. इथे हे पाद्री बोलत नाहीत. इथे दुसरं कुणीतरी बोलतं आहे." त्यांनी मला त्या ओळी पुन्हा वाचायला लावल्या आणि शब्द न् शब्द अर्थ सांगितला. बाबांनी सांगितलं होतं, त्या घरात दोन मुलगे गेले. आणि त्याखाली बाईंनी, बाबांच्याच भाषेत, आंधळ्या बाबांना कधीच कळणार नव्हतं अशा बेताने लिहून ठेवलं होतं: "नाही. बाबा विसरले. धाकटी मुलगी होती. तिला मी आंघोळ घातली. तिचं नाव राधी."

मी वहीची पानं उलटून पाहिली. पुढेही जागोजागी 'नेय' होतं, खाली रेघ ओढलेलं.

सिस्टर खुर्चीत पुढे सरसावल्या होत्या. "ही कोण बाई आहे? हिला इथे घेऊन या ना. मला हिच्याशी बोलायचं आहे."

मी म्हटलं, त्या वारल्या. महिना झाला.

त्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "आणि त्याआधी इतकी वर्षं," त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळे काय करत होतात?"

मी पुढचं पान उघडलं आणि वाचू लागलो.