आईची फुंक

लोकांना फुंकायला लावणं हा माझा रोजगार आहे. सांगलीत, विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात मी फुप्फुसांची तपासणी करते. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि त्यानं छाती भरून श्वास घेतला की शेजारी उभं राहून ओरडायचं, ‘फुंका, जोरात, सोडू नका, अजून, अजून.’ दिवसातून दहाबारा जणांवर असं ओरडून माझा आवाज बाजारात भाजी विकणाऱ्या बाईसारखा झालाय, असं घरचे म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. पोट त्यावरच चालतं.

माझं माहेर उंब्रजजवळच्या गावात. आम्ही लोहार. घराला लागूनच आप्पांची पत्र्याची शेड आहे, तिच्यात भट्टी आणि ऐरण. ऊसतोड जवळ आली की तिथं कोयत्यांचे ढीग पडतात, एरवी खुरपी, विळे, कुऱ्हाडी. भट्टीला दगडी कोळसा लागतो, तो कराडहून पोत्यांनी येतो. आप्पा दाराजवळ, ऐरणीपाशी. आई आतल्या कोपऱ्यात, भट्टीच्या पंख्यापाशी. पूर्वी चामड्याचा भाता होता तेव्हा तोही आईच ओढायची. पुढं विजेचा पंखा आला, पण लोखंड किती तापलं हे निखाऱ्याच्या रंगावरून ओळखून वारा कमीजास्त करायचं काम तिच्याकडंच राहिलं. शिवाय पोत्यातली मोठी ढेकळं फोडून कोळसा चाळायचा, तोही तिनंच. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच नाकातून काळं येतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गेले तेव्हा आप्पांचा खोकला ऐकला आणि मी हट्टच धरला. हे काम करणारी मुलगी घरात आणि बाप खोकतोय, हे मला सहन होईना. त्यांनी आधी हवेला दोष दिला, मग फटाक्यांना, मग आदल्या दिवशी खाल्लेल्या चिवड्याला. शेवटी उन्हाळा लागता लागता यायला तयार झाले, पण एका अटीवर. आईनं बरोबर यायचं. एवढ्या लांब दवाखान्यात एकट्यानं जायला ते काही रिकामे नव्हते, असं ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती.

दोघं पहिल्या एसटीनं निघून सांगलीला आली. आईनं पिशवीतून आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंसाठी शेंगदाण्याचे लाडू आणले होते. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, नाकाला चिमटा लावला, नळी दिली आणि नेहमीसारखी ओरडले. जन्मभर भट्टी पेटवणारा माणूस, पण त्यांना काही केल्या फुंकता येईना. विस्तवावर घालतात तशी हलकी, जपून फुंक घालायचे आणि थांबायचे. चार वेळा झालं, पाच वेळा झालं. मशीन दर वेळी ‘पुन्हा करा’ म्हणायचं.

आई बाकावर बसून हे बघत होती. तिला राहवेना. उठून जवळ आली आणि म्हणाली, ‘‘आवं, निखारा इझंल म्हणून कशाला भ्यायलाय? ही भट्टी न्हाई. सगळी हवा एकदम भायेर टाका. हिकडं आणा, मी दावते.’’

मलाही वाटलं, बघून तरी त्यांना जमेल. मी नळी बदलली, मशीनमध्ये आईचं वय आणि उंची घातली आणि तिला बसवलं. आईनं पहिल्याच फटक्यात बरोबर फुंकलं. मी शिकवावं असं काही राहिलंच नव्हतं. आप्पा हसून म्हणाले, ‘‘बघ, पास झाली.’’

मी पडद्याकडं बघत होते. फुंक बरोबर होती, पण रेघ जशी यायला हवी तशी आली नव्हती. मी तिला पुन्हा फुंकायला लावलं, मग तिसऱ्यांदा. तिन्ही रेघा एकावर एक बसल्या. तिच्या वयाच्या, उंचीच्या बाईत जेवढा दम असावा त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग आप्पांनाही जमलं. त्यांचा आकडा थोडा कमी होता, पण आईच्या मानानं कितीतरी चांगला.

डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. आईला विचारलं, दम लागतो का. आई म्हणाली, छे. खोकला? तोही नाही. मग त्यांनी विचारलं, घरापासून बाजारापर्यंत न थांबता जाता का? आई म्हणाली, न थांबता कसं जायचं, वाटेत माणसं भेटतात.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गेली काही वर्षं आईबरोबर बाजाराला जाणं म्हणजे एक वरातच असायची. ती दर चार घरांवर थांबायची. एकीच्या म्हशीला काय झालं, दुसरीच्या सुनेला कितवा महिना, तिसरीची मेथी उगवली का. तिला माणसांची लय माया, असं आम्ही कौतुकानं सांगायचो. ती थांबायची श्वास घ्यायला. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

शेडमध्ये कोण कुठं बसतं ते विचारून डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. धूर भट्टीतून निघून त्याच कोपऱ्यात कोंडतो, आप्पांना दारातला वारा मिळतो. कोळसा फोडताना बारीक धूळ उडते ती वेगळीच. जे गेलं ते सगळं परत येणार नाही, पण जे आहे ते नक्की राखता येईल. रोज औषधाचा पंप तोंडानं ओढायचा आणि कोपऱ्यातून उठायचं. आईनं मान हलवली आणि त्यांच्या हातात लाडवांचा डबा ठेवला.

पुढचं मला आईनं फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन शेडमध्ये गेली तर कोपऱ्यातले दोन पत्रे गायब, आणि तिथून शेजारचा ऊस दिसतोय. आप्पा जुन्या पिंपाचा पत्रा कापत बसले होते. तिच्याकडं न बघताच म्हणाले, ‘‘तीस वर्सं मी दारात हुबा ऱ्हायलो आन तुला धुरात बसवलं. एकदा बी माझ्या ध्यानात आलं न्हाई गं.’’

आईनं कप त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, ‘‘च्या गार हुतोय.’’

त्या पत्र्याचं त्यांनी भट्टीवर बसेल असं मोठं छत्र केलं आणि त्याला नळकांडं लावलं. धूर सरळ वर जायला लागला. फक्त नळकांडं आखूड पडलं. शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या दोन दिवसांत राखी रंगाच्या झाल्या. काकू एक कुरडई हातात घेऊनच आल्या. आईनं त्यांना बसवून घेतलं, नवी विळी दिली आणि सगळी हकिकत सांगितली. शेवटी काकूच आप्पांना म्हणाल्या, नळकांडं चांगलं उंच करा, पुढच्या वर्षी मला कुरडया घालायच्या आहेत. ते आता शेडच्या वर दीड पुरुष उंच आहे.

कोळसा आता आप्पा फोडतात, आधी त्यावर पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून. आई अंगणात खुर्ची टाकून त्यांच्या चुका काढते. पंख्याचं बटण लांब वायर घेऊन बाहेर आणलंय, पण निखाऱ्याचा रंग तिला तिथूनही कळतो.

सहा महिन्यांनी दोघं पुन्हा तपासणीला आली. परीक्षेला आल्यासारखी. आईचा आकडा घसरला नव्हता, उलट तसूभर वर गेला होता. आप्पांचा खोकला जवळजवळ थांबला होता. आईनं मला दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवायला लावले आणि विचारलं, ‘‘मी ह्यास्नी कवा गाठीन?’’ मी खरं सांगितलं, गाठणार नाहीस. ती म्हणाली, मग ह्यांनी हळू चालावं. हल्ली बाजाराला दोघं बरोबर जातात.

गेल्या महिन्यात माण तालुक्यातून एक लोहार नवराबायको गावी आप्पांच्या शेडवर आली. कुणाकडून तरी त्यांना नळकांड्याचं कळलं होतं. आप्पा त्या माणसाला छत्राची मापं सांगत होते. आई त्याच्या बायकोला बाजूला घेऊन बसली. बाजाराला जाताना किती वेळा थांबतीस, असं तिनं विचारलं. मग मला फोन लावला आणि म्हणाली, हिला सोमवारी कितीला पाठवू ते सांग. मी दहाची वेळ दिली. फोनमधून आई तिला सांगताना ऐकू येत होती, हलकं फुंकायचं न्हाई बग, ती वरडती.