फक्कीतलं घर

माणसाचं सुखदुःख पत्रिकेत नसतं, घराच्या नकाशात असतं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. आतोबा रेल्वेत नकाशे काढण्याच्या नोकरीत होते. पेन्शन घेऊन लोणावळ्यास राहिल्यावर त्यांनी उभ्या गावातल्या घरांचा ताबा घेतला. कोणाकडे चहाला गेले तर चहाची चव त्यांना कधी कळली नाही. चुलीपासून ओटीपर्यंत यायला घरच्या बाईला किती पावलं पडतात, इकडे त्यांचं सारं लक्ष. "एकोणीस! वहिनी, हा चहा नव्हे, ही तीर्थयात्रा झाली," असं म्हणून ते बशी खाली ठेवीत आणि यजमानाला रागे भरत. पंगतीत वाढपी एकमेकांवर आदळले की लोक हसत. आतोबा मात्र भरल्या पानावरून उठत आणि जायची वाट वेगळी, यायची वेगळी, असं वाढप्यांना आखून देत. एका लग्नात या भरात त्यांनी बोहलंच हलवायला लावलं, तेव्हापासून त्या घरचं बोलावणं आम्हा सगळ्यांनाच बंद झालं.

घराला दिशा हवी, आडोसा हवा, एकमेकींशी काम पडणाऱ्या खोल्या शेजारी हव्यात आणि मुख्य म्हणजे वावर हवा, माणूस न अडखळता फिरला पाहिजे, हे त्यांचे नियम. मुंबईच्या एका शेठजींना बंगल्याचा व्हरांडा पश्चिमेला हवा होता, मावळतीचा देखावा दिसावा म्हणून. आतोबांनी वाद घातला नाही. भर आषाढात व्हरांड्याच्या मोकळ्या जागी खुर्ची टाकून शेठजींना बसवलं आणि हातात चहाचा कप दिला. पावसाची झड अशी की शेठजी पीत गेले आणि कप भरत गेला. व्हरांडा पूर्वेला झाला.

कागदावरच्या नकाशावर मात्र आतोबांचा विश्वास नव्हता. ते मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीने अख्खं घर मापाबरहुकूम आखीत आणि पाया खणण्याआधी घरधनिणीला त्यात एक दिवस संसार करायला लावीत. तिने आखलेल्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवायची, आखलेल्या दारातून ये-जा करायची, आखलेल्या माजघरात पानं वाढायची. कुठे अडतं ते ती सांगे, आणि आतोबा रेघ पुसून नवी मारीत. एकदा एक वकील तंबाखूची डबी घ्यायला रेघ ओलांडून सरळ आत आले. आतोबा कडाडले, "वकीलसाहेब, भिंतीतून आलात!" वकील निमूट मागे फिरले आणि दारातून आले.

गावाची घरं अशी उभी राहत होती, आणि आत्या बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत खोकत होती. तिथलं स्वयंपाकघर मागल्या बाजूला, बिनखिडकीचं. तिला दमा जडला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, या धुरातून बाईंना बाहेर काढा. आतोबांनी मळवलीला जागाही घेऊन ठेवली होती. पण स्वतःचं घर म्हणजे त्यात एकही दोष राहता कामा नये! दरवर्षी भात कापून झालं की ते तिथे फक्की मारीत, स्वतः त्यात फिरून बघत, आणि काहीतरी खुपलं की काम पुढल्या वर्षावर जाई. अशी दहा वर्षं गेली. आम्ही घरात याची थट्टा करायचो, याची आज लाज वाटते.

अकराव्या वर्षी मी सोबत होतो. शेजारच्या शेतातले आबा बांधावर येऊन उभे राहिले.

"काय रावसाहेब, औंदा तरी भित उबी ऱ्हानार का न्हाई? माजी गुरं लय येळा तुमच्या माजघरातनं गेल्याती."

"यंदा नक्की," आतोबा म्हणाले.

"लोकांच्या बायकांस्नी तुमी चुलीम्होरं बसवून बगता म्हनं. तुमची मालकीन तर हितं कंदी दिसली न्हाई."

"तिला कशाला तसदी? तिचा वावर मला पाठ आहे."

मी पुढच्याच रविवारी आत्याला घेऊन आलो. ती शेगडी घेऊन दारातून आत शिरली, मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली, क्षणभर थांबली आणि परत फिरली. पुढच्या बैठकीच्या खोलीत येऊन तिने शेगडी खाली ठेवली.

"अहो, मी इथे बसणार."

"अगं, ती बैठक आहे."

"असू दे. जन्मभर भिंतीकडे तोंड करून रांधलं. इथे वारा आहे, वाटेवरची माणसं दिसतात."

चूल पाहुण्यांच्या नजरेस पडू नये, हा नियम सांगायला आतोबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. उबळ बराच वेळ थांबेना. मग आतोबांनी पायाने रेघ पुसली.

पावसाळ्याआधी घर उभं राहिलं, पुढे स्वयंपाकघर आणि मागे बैठक. आतोबा पाहुण्यांना ओशाळून सांगत, "हे नियमात बसत नाही." आत्या मात्र खिडकीतून वाटेवरच्या प्रत्येकाची चौकशी करी, आणि बायाबापड्या "मावशी, पानी द्या" म्हणत ओट्यावर टेकत. खोकला कमी झाला होता, पण दुखणं फार आत गेलं होतं. त्या घरात तिला दोनच वर्षं मिळाली.

ती गेल्यावर भेटायला गेलो, तेव्हा आतोबा स्वयंपाकघरात वाटेकडे बघत बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आतोबा, आता बैठक पुढे घेता येईल."

"गावातल्या सगळ्या बायकांना विचारलं रे मी," ते म्हणाले. "हिला पहिल्याच वर्षी विचारलं असतं, तर आणखी दहा वर्षं बसली असती इथे."