दोन पराती

मशीनला एसी बसवला होता. आम्हाला साधा पंखा नव्हता.

कटंगीच्या एका राइस मिलमध्ये माझी माय तांदूळ निवडायची. तिच्या मागोमाग मीही लागले. पत्र्याखाली बसायचं, काळे-लाल दाणे वेगळे काढायचे. तहान लागली की सेठचा माणूस तांब्या उंच धरून पाणी ओतायचा. आम्ही खाली ओंजळ धरायची. तांब्याला आमचा हात चालत नव्हता. तांदळाला चालायचा, कारण तो परगावी जायचा.

मग ती मशीन आली. कॅमेऱ्यानं दाणा बघणारी, खराब असला की हवेनं उडवणारी. सेठाणीनं तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. माय नुसती बघायला मशीनच्या खोलीच्या दारात गेली, तर सेठ खेकसला, "ए बाई, दूर हट! हाथ मत लगाना उसको."

मायनं हात पदराखाली लपवले. अख्खी जवानी त्या मिलमध्ये घातलेली बाई. मला ते अजून डाचतं.

दुसऱ्या दिवशी सेठ पत्र्याखाली आला. गोड गोड बोलला. चांगला दाणा कोणता, खराब कोणता हे मशीनला आधी दाखवावं लागतं म्हणे. एका परातीत चांगला, दुसरीत खराब, असा नमुना निवडून द्या. आम्ही निवडला. पराती भरत आल्या तेव्हा मी विचारलं, "सेठजी, मशीन शिकली का मंग आमचं काय?"

"घर बैठो," तो हसला. "अब चावल को तुम लोगों का हाथ नहीं लगेगा. पाकिट पे भी यही छपवाऊंगा."

मी उठले. चांगल्याची परात उचलली आणि खराबात पालथी केली. दोन्ही हात घालून सगळं कालवलं.

"पागल हो गई क्या?"

"हौ. लागला आता हात. शिकव तुह्या मशीनले!"

त्याला अरे-तुरे पहिल्यांदाच केलं. गोड वाटलं.

त्यानं आम्हाला हाकललं. माय वाटेत एवढंच म्हणाली, "काहून केलं वं असं?" मशीनचं काही अडलं नाही. सेठनं दुसऱ्या गावच्या बायांकडून नमुना निवडून घेतला आणि त्यांनाही घरी पाठवलं.

पण नवं धान आलं की मशीनला पुन्हा नवा नमुना लागतो. म्हणून मी फिरते. पार लामता गावापर्यंत जाते, प्रत्येक मिलच्या बायांना सांगते, काम राहील असं सेठ कबूल करेपर्यंत परात भरू नका. काही ऐकतात. काही दार लावतात. मी पुन्हा जाते.

एक दिवस कोणीच परात भरणार नाही. तेव्हा सेठ माझ्या दारी येईल, घामाघूम होऊन. पाणी मागेल. मी त्याला बाहेरच उभा ठेवीन. ओंजळ धरायला लावीन, तांब्या उंच धरीन.

आणि ओतणार नाही.