काचेत तोंड दिसता कामा नये

फोटो काढावा तर विजेच्या मीटरचा, आणि तो काढावा आमच्या साडूंनी. माणसांचे, डोंगरांचे, जेवणाच्या ताटांचे फोटो कुणीही काढतं. पण जिन्याखालच्या अंधारात, जळमटांच्या मागे दडून बसलेल्या मीटरचा असा फोटो, की आकडे उठून नमस्कार करतील, तो काढणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच; आणि माझं भाग्य असं, की त्याच्या धाकट्या मेहुणीशी माझं लग्न झालं आहे.

सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. दाजी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीत मीटरचे फोटो मोबाइलवरून वीज कंपनीला पाठवायची सोय समजली, त्या दिवसापासून त्यांना दुसरा जन्म मिळाला. महिन्याच्या एक तारखेला सकाळी आठला ते गल्लीतल्या घराघरांचे मीटर टिपायला निघतात. खांद्याला पिशवी. पिशवीत जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा, बॅटरी, घडीचं स्टूल आणि काळी छत्री. छत्री पावसासाठी नाही. मीटरच्या काचेवर उजेड चमकू नये म्हणून ती मागे धरायची असते, आणि ती धरायचा मान बहुतेक वेळा मला मिळतो. आधी काच पुसायची. मग दम धरून उभं राहायचं, कारण मीटरवर आधी तारीख येते, मग वेळ, मग कसले कसले आकडे, आणि सगळ्यात शेवटी, नवरीसारखी, युनिटं. ती आली की दाजी श्वास रोखतात. त्या क्षणी शेजारणीनं कुकर लावला आणि शिट्टी झाली, तर सगळी फेरी पुन्हा पहिल्यापासून. एकदा एका मीटरवर पाल बसली होती. मी तिला हुसकायला निघालो, तर दाजींनी हात धरला. म्हणाले, ‘‘तिला आपल्या मनानं जाऊ द्या. घाबरून पळाली तर काचेवर पाय उमटतील.’’ आम्ही तिघं, म्हणजे मी, दाजी आणि पाल, पाऊण तास तसेच.

त्यांचा सर्वात कडक नियम म्हणजे काचेत फोटो काढणाऱ्याचं तोंड दिसता कामा नये. शहराच्या दुसऱ्या टोकाला, छावणी भागात, आम्ही घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला फोन त्यांच्या हातात दिला. पुढं वर्षभर नातेवाईक फोटो मागत राहिले आणि मी टाळत राहिलो. माणसांचे जे काही फोटो होते, त्यांत कुणाला कपाळ नव्हतं, कुणाला कान नव्हते. मीटरचा फोटो मात्र एवढा देखणा, की बायको तो फ्रेम करते म्हणाली. मी विचारलं तर दाजींनी एका वाक्यात निकाल दिला: ‘‘माणसं हलतात, पाव्हणं. मीटर हलत नाय.’’

असा हा माणूस दर महिन्याला एका फोटोपुढं मात्र हरायचा. तो यायचा गंगापूरहून, त्यांच्या थोरल्या भावाकडून. तिथलं घर दोघांचं. पण थोरल्यांचा फोटो स्टुडिओ पुढच्या खोलीत, मीटर त्याच्या आत आणि शटर सदा खाली. रीडिंग घेणारा परत जायचा. म्हणून थोरल्यांनी फोटो पाठवायचा आणि दाजींनी इथून रीडिंग भरायचं, असं ठरलेलं. बाकी दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. आई गेल्यावर थोरल्यांनी तिचा मोठा फोटो केला आणि प्रेमापोटी तो इतका सजवला, की हनुवटीवरचा तीळ गेला आणि गालावरचे देवीचे व्रण गेले. दाजी तेराव्याच्या पंगतीत म्हणाले, ‘‘ही आपली आई नाय.’’ थोरले ताटावरून उठले, ते उठलेच.

तर हे थोरले जो फोटो पाठवायचे, तो धड कधी नसायचा. कधी हललेला, कधी नुसती भिंत, कधी त्यांचा अंगठा. दाजी लिहायचे, ‘स्पष्ट नाही. परत काढा.’ दुसरा यायचा, त्याहून वाईट. पुन्हा ‘परत काढा.’ असं चार-पाच वेळा झालं की मग जेमतेम वाचता येईल असा एखादा यायचा. मला राहवेना. मी म्हणालो, ‘‘दाजी, सगळ्या तालुक्याची लग्नं ज्यानं काढली, त्याला मीटर जमत नाही?’’

‘‘वय झालं त्यांचं,’’ दाजी म्हणाले आणि बशीतला चहा विनाकारण फुंकत बसले. भावाकडून महिन्यातून चार वेळा उत्तर मिळवायची दुसरी सोय थोरल्यांकडं नव्हती, हे मला तेव्हा कळलं आणि दाजींना माझ्या आधी.

गेल्या श्रावणात एक तारखेला फोटो आला आणि दाजी तो घेऊन थेट छावणीत माझ्या दारात. फोटो लख्ख. आकडे सरळ, मीटरचा नंबर खाली, काच पुसलेली. मी म्हणालो, अभिनंदन. दाजींचा चेहरा उतरला होता.

‘‘एवढा चांगला फोटो दादा नाय काढायचा,’’ ते म्हणाले. ‘‘उठा पाव्हणं, एसटी गाठू.’’

फोन करून विचारू म्हटलं, तर त्यांना फोनवर काय बोलायचं तेच सुचेना. सहा वर्षांनी सुरुवात कुठून करणार. गाडीत ते पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि वाळूज येईपर्यंत त्यांनी तो फोटो दहा वेळा मोठा करून पाहिला.

गंगापूरला पोचल्यावर कळलं, फोटो थोरल्यांच्या सुनेनं काढला होता. थोरले खाटेवर होते. आठ दिवसांपूर्वी उजव्या हातातलं बळ गेलं होतं. बोलणं जड, पण समजत होतं. त्यांनी धाकट्याकडं पाहिलं.

‘‘फोटो नीट आला नाय का?’’

‘‘लई चांगला आलाय.’’

‘‘मग कशाला आलास?’’

दाजींनी पिशवीतून बनियनचा तुकडा काढला, स्टूल मांडलं, वर चढले आणि भिंतीवरच्या आईच्या फोटोची काच पुसू लागले. कोपरे, कडा, सगळं. त्या गोऱ्यापान, बिनतिळाच्या बाईकडं बराच वेळ पाहत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, ‘‘डोळे तेवढे आईचेच आलेत, दादा.’’

थोरले भिंतीकडं तोंड करून झोपले. चादर हलत होती. मी बाहेर जाऊन मीटर पाहत उभा राहिलो. ते काही हलत नव्हतं.

दाजी तिथंच राहिलेत. डॉक्टरांनी डाव्या हाताला सवय लावायला सांगितलंय, म्हणून थोरल्यांकडून रोज काही ना काही करून घेतात. एक तारखेला गारखेड्यातल्या गल्लीतली माणसं मला बोलावून नेतात आणि मी, छत्रीपासून बढती मिळालेला माणूस, त्यांच्या मीटरांचे सुमार फोटो काढतो. या महिन्यात गंगापूरचाही फोटो माझ्याकडंच आला. खाली दाजींनी लिहिलं होतं, ‘दादांनी काढला, डाव्या हातानं.’ एक आकडा वाचता येत नव्हता. मीटर तिरकं, छत्री अर्धी आत, आणि काचेत दोन पांढरी डोकी, एकमेकांना चिकटलेली.

मी तो बराच वेळ पाहिला. मग लिहिलं, ‘स्पष्ट नाही. परत काढा.’