प्रसेनजीतच्या तराफ्याचा वेग

प्रसेनजीतचं गावात मोटार वाइंडिंगचं दुकान. पंप जळाला की लोक त्याच्याकडे पळत, आणि तोही कुणाला कधी ‘जमणार न्हाय’ म्हणाला नाही. हाच त्याचा गुण आणि हीच त्याची खोड. गेल्या पुरानंतर त्यानं तराफा केला. निळी पिंपं, वर लोखंडी सांगाडा, मागं पाण्यात विजेवर फिरणारे दोन पंखे, जुन्या ई-रिक्षाच्या बॅटऱ्या. गावतळ्यात उतरवून वेगही काढला. पुढच्या टोकाला थर्माकोलचा तुकडा टाकायचा आणि तो मागच्या टोकाशी यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. “झपाझप चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं जातोय की!” असं तो गावभर सांगत सुटला.

यंदा पंचगंगा चढली. कंबरेचं हाड मोडलेली त्याची आई, तानूबाई, नदीकाठच्या वस्तीवर लेकीकडे होती. सकाळी माणसं न्यायला ट्रॅक्टर आला. दणक्यांनी आईचे हाल होतील म्हणून प्रसेनजीतनं बहिणीला, संघप्रियाला, फोन केला. “आईला हलवू नको. मी तराफा घिऊन येतो. धा मिनटाचं काम हाय.” ट्रॅक्टर दोघींना तिथंच ठेवून गेला.

तराफा तळ्यातून काढून पुराच्या पाण्यात उतरवून तो निघाला तेव्हा दोघी घराच्या गच्चीवर होत्या आणि पाणी गच्चीला टेकायला आलं होतं. जायचं होतं धारेच्या विरुद्ध. त्यानं पंखे पूर्ण वेगानं सोडले आणि थर्माकोलचा तुकडा टाकला. तळ्यात गेला होता तसाच तो झरकन मागं गेला. प्रसेनजीतच्या जिवात जीव आला. मग त्याची नजर शेजारच्या विजेच्या खांबाकडे गेली. खांब मघापासून शेजारीच होता, जरासुद्धा मागं पडला नव्हता.

तुकडाही धारेबरोबर वाहत होता. मोजला होता तो पाण्यातला वेग, वाटेचा नव्हे. तळ्याचं पाणी जागचं हलत नव्हतं, एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या ध्यानात आली नव्हती! पंखे जेवढं पुढं नेत होते तेवढंच धार मागं रेटत होती, आणि बॅटरी उतरत चालली होती. कसाबसा कडेला सरकून त्यानं खांबाला दोर बांधला आणि पंखे बंद केले.

हाकेच्या अंतरावरच्या गच्चीवरून संघप्रिया ओरडली, “दादा, आई ताडपत्रीखाली हाय, तिला काय दिसत न्हाय. पंख्यांचा आवाज थांबला तशी म्हणत्या, पोचला माझा लेक. काय सांगू तिला?”

“आलो म्हणून सांग!” प्रसेनजीत ओरडला, आणि खांबाला मिठी मारून ढसाढसा रडला.