दादाची मेल पोचत नव्हती

दादा गेला त्याला आज वीस दिवस झाले. फोनच्या ऑफिसात लाइनमन होता, जन्मभर लोकांच्या लाइनी जोडल्या. रिटायर झाल्यावर पलंगाखाली एक कॉम्प्युटर ठेवला, चोवीस तास चालू. म्हणायचा, हे माझं पोस्ट ऑफिस, आपली मेल आपल्या घरातून जाते. वहिनी म्हणायची, सवत आणलीय पलंगाखाली.

वहिनी गेली आणि बापलेकाचं बिनसलं. पोरगा फोन उचलेना. एकदाच कळवलं, काय ते लिहून पाठवा. म्हणून दादा दर रविवारी लांबलचक मेल लिहायचा. उत्तर एकही नाही.

मी म्हटलं, "अरे जातेय का तरी?"

"ही बघ, समोरच्या कॉम्प्युटरनं घेतली असं लिहिलंय."

मग माझ्या फोनवर एक पाठवली. आली, पण स्पॅममध्ये. दादाचं तोंड एवढंसं झालं.

त्यानंच शोधून काढलं. नेटची नवी लाइन घेतली तिचा नंबर आधी कुणा फसव्याकडे होता, त्याची बदनामी आपल्या मेलला चिकटली. लाइनवाल्यांना रोज फोन. तिथली पोरगी म्हणायची, "काका, नेट चालतंय ना? मग तक्रार काय लिहू?"

"नेट चालतंय गं बाई, माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही."

"त्याला आमच्याकडे बटण नाही काका."

मी म्हटलं, माझ्या फोनवरून कळवते त्याला, स्पॅम बघ म्हणून. दादा म्हणाला, "तू मधे पडू नको. म्हणेल आत्याला पुढं केलं." मी ऐकलं. तिथंच चुकले.

मग पत्रं लिहिणंच थांबवलं त्यानं. आधी रस्ता नीट करतो म्हणाला. दोन महिने तेच. काहीतरी बदलायचा, पोराला एक ओळ टाकायचा, बघत बसायचा. एक दिवस खुर्चीतच गेला.

शेवटी पोराला मीच कळवलं. आला. माझ्यासमोर फोनमधलं स्पॅम उघडलं. महिन्यावरचं तिथं आपोआप पुसलं जातं म्हणे. पत्रं सगळी गेलेली. अकरा मेल उरलेल्या, सगळ्यांत तेच, "बघतोय पोचतंय का."

पत्रांच्या प्रती घरच्या कॉम्प्युटरात असणार, पण त्याला दादाचं कुलूप. दुकानवाला म्हणाला, पासवर्डशिवाय काही निघणार नाही. पोरानं आईचं नाव घालून बघितलं, स्वतःचं घालून बघितलं, जन्मतारीख घालून बघितली.

मग म्हणाला, "आत्या, आधीच्या पत्रांत काय लिहायचे गं बाबा?"

मला दादानं कधी वाचून दाखवलं नाही. मी म्हटलं, "तुझी चौकशीच असेल रे."

"रागावले नव्हते ना?"