तुळयांखालची भोकं

निजामाच्या राज्यात कळंबच्या तहसील कचेरीत मी उमेदवार कारकून होतो. कायम व्हायचं तर पेशकारसाहेबांची मर्जी लागे. ती मिळवायला मी काय केलं, ते आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

कचेरी माळवदाची. तुळया जिथं भिंतीत शिरत तिथं भोकं होती आणि भोकाभोकात चिमण्यांची घरटी. दिवसभर काड्या, पिसं, शीट खाली पडायची. मिसलींच्या कागदांचे गठ्ठे खराब व्हायचे. एकदा शीट थेट पेशकारसाहेबांच्या रुमी टोपीवर पडली आणि मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी टोपी पुसली अन् माझ्याकडं वळले. "परसों तालुकदारसाब का दौरा है. एक चिड़िया नहीं दिखना." तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर.

मी म्हाताऱ्या चपराशाला शिडी आणायला लावली. त्यानं वर चढून भोकात डोकावलं.

"मुन्शीजी, पिल्लं हायती. लई तर आठ रोज. उडाली की म्या सोता लिंपतो."

"तुम्ही शिडी धरा नुसती."

त्यानं धरली. वर मात्र बघितलं नाही.

पहिली दोन घरटी मी ओढून खाली टाकली. मग कंटाळा आला. बाकीची तशीच आत ठेवून चिखल आणि चुना थापत गेलो. एका भोकात इवलीशी चोच बोटाला लागली. मी अंगठ्यानं आणखी दाबलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीतून चिवचिव येत होती. चिमण्या चोचीत अळ्या धरून ओल्या चुन्याला लटकत, पडत, परत येत.

"दीवार बोल रही है!" साहेब हसले. सगळी कचेरी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.

दुपारच्या सुट्टीत चपराशी शिडीवर चढून खिळ्यानं एक भोक उकरताना दिसला. गप्प बसता आलं असतं. मी उठून साहेबांना सांगितलं.

साहेबांनी त्याला खांद्यावर शिडी देऊन अंगणात उभं केलं. वैशाखाचं ऊन. पायात काही नव्हतं. मी खिडकीजवळ लिहीत बसलेलो.

"मुन्शीजी," तो हळूच म्हणाला, "घोटभर पाणी द्या."

माठ माझ्या हाताजवळ होता. मी साहेबांच्या खोलीकडं पाहिलं आणि मान खाली घालून ओळ पुरी केली. थोड्या वेळानं शिडी आदळल्याचा आवाज झाला. दोघांनी उचलून त्याला घरी नेलं. दुसऱ्याच दिवशी त्याला कामावरून काढल्याचा हुकूम मीच लिहिला, चांगल्या वळणदार अक्षरात.

तालुकदारसाहेब आले, व्हरांड्यातच बसले, सह्या करून गेले. छताकडं त्यांची नजरसुद्धा गेली नाही. तोवर भिंत गप्प झाली होती. चुन्याच्या भेगेतून मुंग्यांची रांग तेवढी लागली होती. पुढं आठवडाभर वास आला. उदबत्त्या लावायचं काम माझ्याकडंच होतं.

वर्षभरानं आठवडी बाजारात तो म्हातारा दिसला. केरसुण्या विकत होता. माझी वाट मोकळी करायला त्यानं पोतं बाजूला ओढलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठून उभा राहिला.

"या, मुन्शीजी. बरं हाय न्हवं?"

शिवी दिली असती तर मीही चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. मी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि गर्दीत शिरलो.